सेलीमच्या मागे न ओतलेलं पाणी

साताऱ्याहून मावशीचा सकाळपासूनचा तिसरा फोन आला, तो पाण्यासाठी. "गाडी वळणाआड गेली की मगच उंबऱ्यावर पाणी ओत. आधी नाही. केरसुणीलाही तोवर हात लावू नकोस. तुमच्या तिकडे उंबरा असतो ना गं?"

असतो, म्हटलं. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या दाराखाली वीतभर सिमेंटची पायरी आहे, तिलाच आई चौदा वर्षं उंबरा म्हणत आली. दसऱ्याला त्या पायरीवर रांगोळी काढायची आणि मँचेस्टरचा पाऊस जेवणाआधी ती पुसून टाकायचा. दोष अर्थात माझा, कारण घर मी घेतलं होतं.

अकराला आईला घरी आणणार होते. अर्धा तास घरात, मग क्रेमेटोरियमचा स्लॉट. स्टीलचा तांब्या भटजींनी पूजेला घेतला होता, म्हणून दुसरं भांडं शोधायला मी सिंकखाली वाकले. ब्लीचच्या बाटल्या आणि आईने जपून ठेवलेले दह्याचे रिकामे डबे यांच्या मागे झारी होती. तांब्याची, बाकदार तोटीची, आतून कल्हई केलेली. नेर्मिनची झारी. मी तिथेच लादीवर बसले आणि त्या झारीत नाक खुपसलं. कल्हईचा तो थंड, किंचित आंबट वास अजून होता. बाहेर माणसं जमत होती, इरा कुणाला तरी चहा देत होती, आणि मी साडीच्या निऱ्यांसकट फरशीवर बसून होते.

नेर्मिन आणि सेलीम शेजारी राहायला आले, तेव्हा माझी इरा आठ वर्षांची होती. सेलीमला इथल्या युनिव्हर्सिटीत कापडाच्या धाग्यांवर काम मिळालं होतं. नेर्मिन तुर्कस्तानात शाळामास्तरीण होती, इथे एका शाळेत मदतनीस म्हणून लागली. आमच्या दोन घरांमधली भिंत इतकी पातळ, की त्यांच्याकडे चहाचं आधण ठेवलं की आमच्याकडे कळायचं. चहाच्या एकावर एक दोन किटल्या, कंबर आत गेलेले छोटे ग्लास, आणि चमचा काचेवर वाजल्याचा तो बारीक आवाज. रविवारी सकाळी तो आवाज भिंतीतून आला की आई म्हणायची, "उठली बरं का आपली माणसं."

पहिल्या दिवशी तो कोरा चहा बघून आईने माझ्याकडे असं पाहिलं, की यांच्या घरी दूध नासलं असावं. महिन्याभरात तीन-तीन ग्लास रिचवायला लागली. मग ताटल्यांची ये-जा सुरू झाली. रिकामं भांडं परत द्यायचं नाही हे आमच्याकडचं, आणि त्यांच्याकडचंही. त्यामुळे एकदा निघालेली ताटली थांबायचं नावच घेईना. इकडून पुरणपोळी गेली की तिकडून पालक-चीज भरलेले पापुद्र्यांचे तुकडे यायचे, आणि सोमवार असला की आई दारातच विचारायची, "नो मटण ना गं?" नेर्मिन छातीवर हात ठेवून म्हणायची, "नो मटण, तेयझे." तेयझे म्हणजे मावशी. आईला ते फार आवडायचं.

त्यांच्या पॅसेजमध्ये एक फोटो होता. सेलीमचे वडील, निवृत्त कर्नल. छातीवर पदकं, ओठ घट्ट मिटलेले. आई पहिल्यांदा त्यांच्या घरात गेली आणि चपला काढून थेट त्या फोटोला हात जोडून उभी राहिली. तिचं काय चुकलं? आमच्या साताऱ्याकडे घरटी एक फौजी. माझा मामा सुभेदार. तो सुट्टीवर यायचा तेव्हा काळी ट्रंक उतरवायला निम्मी गल्ली धावायची. ट्रंकेतून कँटीनच्या साबणाचा आणि बूटपॉलिशचा वास यायचा, आणि आजी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकायची. वर्दी म्हणजे आईला घरातली गोष्ट. ती नेर्मिनला म्हणाली, "पुण्यवान आहेस पोरी, फौजीच्या घरात पडलीस." मी ते इंग्रजीत सांगितलं, जसंच्या तसं. सेलीमचा चेहरा उजळला. नेर्मिन "थँक यू, तेयझे" म्हणाली आणि चहा आणायला गेली. बराच वेळ आली नाही.

पुढे कधीतरी मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना तिने मला सांगितलं. ती सात वर्षांची असताना एका सकाळी रेडिओवर नेहमीची गाणी लागली नाहीत. बँड वाजत होता. मार्चमागून मार्च, आणि मग एक जाडा आवाज, की सरकार आता आम्ही चालवणार. तिचे वडील गावातल्या शाळेत शिक्षक. त्यांनी रेडिओ बंद केला, दाढी केली, अंगात लोकरीचं जाड बनियन चढवलं आणि खुर्ची दाराजवळ ओढून बसले. सप्टेंबरचं ऊन होतं, आणि ते लोकरीत घामाघूम होऊन बसलेले. "बाबा, उकडत नाही का?" तिने विचारलं. ते म्हणाले, "जिथे नेतील तिथे थंडी असेल." दुपारी जीप आली. घरी आले ते दोन वर्षांनी. हातात मण्यांचा विणलेला एक किल्लीचा गोफ होता, लाल-काळा, तुरुंगात बसून केलेला. त्यानंतर कुठल्याही वर्गात त्यांना शिकवता आलं नाही.

तो गोफ नेर्मिनच्या घराच्या किल्लीला होता. म्हणजे रोज संध्याकाळी ती वडिलांच्या तुरुंगाने कुलूप उघडायची आणि आत कर्नल सासऱ्यांच्या फोटोखाली चपला काढायची.

"मग लग्न कसं केलंस?" मी विचारलं. माझी जीभ ही अशी.

"सेलीमने धागे निवडले ना," ती हसून म्हणाली. "त्याचा मोठा भाऊ गेला फौजेत. आमच्या घरात एक नियम आहे. जेवणाच्या टेबलावर फौज नाही."

नियम पाळला जायचा, बहुतेक. पण नोव्हेंबरात, युद्धात गेलेल्यांसाठी कोटाला लाल पॉपी लावायच्या रविवारी, आमच्या कोपऱ्यावरून ब्रास बँड जायचा. म्हातारे सैनिक, ब्लेझरवर पदकं, मागे शाळेची पोरं. आई शाल गुंडाळून पायरीवर उभी राहायची. सेलीमही बाहेर यायचा, खांदे आपोआप सरळ. एका वर्षी तो त्यांच्याकडचा कुठला तरी मार्च गुणगुणायला लागला, आणि आतून एकेक खिडकी बंद झाल्याचा आवाज आला. वरची, मधली, मग स्वयंपाकघराची. सेलीमने खांदे सैल सोडले. बँड गेल्यावर मला म्हणाला, "माझ्या वडिलांना खरंच वाटतं, की ते नसते तर देश बुडाला असता. चांगला माणूस आहे गं तो. मुंगीवर पाय देणार नाही."

त्या दोघांत कोण बरोबर हे मला कळलं नाही. कळून घ्यायची घाईही नव्हती. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत दिवसभर लोकांच्या गोळ्या मोजणारी बाई, घरी आल्यावर मला फक्त तो चहा हवा असायचा.

मग तो जुलै आला, तुर्कस्तानात फौजेने पुन्हा सत्ता घ्यायला बघितली तो. शनिवारची सकाळ होती. भिंतीतून चमच्याचा आवाज नाही, टीव्हीचा. मी गेले तर दोघं सोफ्याच्या दोन टोकांना. पडद्यावर पुलावर रणगाडे, आणि रणगाड्यांवर चढलेले साध्या कपड्यांतले लोक, कुणी तर घरातल्या सपातांत. सैनिक हात वर करून उतरत होते, अगदी कोवळी पोरं. नेर्मिन रडत होती, पण मी तिला इतकी आनंदात कधी पाहिली नव्हती. "बघ," ती म्हणाली, "या वेळी लोक दाराजवळ खुर्ची टाकून बसले नाहीत. बाहेर आले. माझे बाबा असते तर..." सेलीमच्या हातात फोन होता आणि भाऊ तो उचलत नव्हता.

रणगाडे हरले, याचा आनंद तिला जेमतेम आठवडाभर पुरला. मग सरकारच्या याद्या यायला लागल्या. कामावरून काढलेल्यांच्या, धरून नेलेल्यांच्या. आधी फौजी, मग न्यायाधीश, मग शिक्षक, प्राध्यापक. सेलीमचा भाऊ पहिल्याच यादीत. त्याने काय केलं होतं, की काहीच केलं नव्हतं, हे कुणालाच सांगता येईना. मग सेलीमच्या जुन्या विभागातले चारजण. नेर्मिन शाळेतून आली की कोट न काढता टेबलाशी बसून फोनवर नावं वाचायची, बोटाने एकेक ओळ खाली सरकवत. चहाचा ग्लास शेजारी गार होत असायचा. एकदा मान वर न करता म्हणाली, "पूर्वी माहीत असायचं की जीप कुणाची. आता निवडून दिलेल्या माणसांचीच जीप येते. मी त्या सकाळी आनंदाने रडले, त्याची मला आता लाज वाटते." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार?

सप्टेंबरात कर्नलसाहेबांना झटका आला. तोंड वाकडं झालं, आणि थोरल्या मुलाचं नाव घेऊन ते दिवसभर दाराकडे बघत बसतात, असं नेर्मिनच्या सासूने कळवलं. सेलीमने तिकीट काढलं. आठ दिवसांचं. भिंत पातळ होती, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं, भाषा न कळताही. नेर्मिनचा आवाज चढलेला, मग विनवणीचा, मग काहीच नाही. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "सांगते मी त्याला, तुझं नाव कुठल्या यादीत असेल कुणाला ठाऊक. तो म्हणतो, मी धाग्यांवर काम करतो, माझं नाव कशाला असेल?"

आता जे सांगायचं आहे, ते मी चौदा पानं लिहून टाळू शकते. पण गाडी अकराला येणार होती.

सेलीम निघाला तो दिवस. सकाळी दहाची वेळ. टॅक्सी दारात. आई आणि मी आमच्या पायरीवर, मी ट्रॅम गाठायच्या घाईत, खांद्याला बॅग. आईने सेलीमच्या तळहातावर दही घातलं होतं आणि "जातो म्हणू नकोस, येतो म्हण" असं त्याच्याकडून मराठीत वदवून घेतलं होतं. "येतो," तो म्हणाला, हसला आणि बसला. टॅक्सी हलली. तेवढ्यात नेर्मिन आतून झारी घेऊन धावत आली आणि टॅक्सीच्या मागे पायरीवर पाणी ओतायला लागली.

आईने दोन दारांमधली कंबरेएवढी भिंत त्या वयात कशी ओलांडली, देव जाणे. तिने नेर्मिनचं मनगट धरलं. "अगं ए, काय करतेस! माणूस आत्ता बाहेर पडलाय! पाणी ओततात ते मेल्यावर, तिरडी गेल्यावर! नको गं बाई, नको!" नेर्मिनने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "आई म्हणते, आमच्याकडे हे अशुभ असतं." एवढंच. टॅक्सी वळणाला पोचत होती. मग मोठ्या माणसाचा शब्द मोडायचा नाही म्हणून नेर्मिनने झारी खाली ठेवली. निम्मं पाणी आतच राहिलं.

आणि मला माहीत होतं. आदल्या वर्षी सेलीम केंब्रिजला एका कॉन्फरन्सला गेला, तेव्हा तिने असंच पाणी ओतलं होतं आणि मी विचारलं होतं. पाणी कुठे अडत नाही, तसं माणसाने न अडता जावं आणि न अडता परत यावं, म्हणून ओततात, असं तिने मला नीट सांगितलं होतं. त्या सकाळी मी एक वाक्य बोलले असते, "आई, सोड तिला, त्यांच्यात हे शुभ असतं," तर काय बिघडणार होतं? पण मी बोलले नाही. ट्रॅमची घाई हे निमित्त. खरं म्हणजे पायरीवरून ओघळणारं ते पाणी बघून मलाही तिरडीच दिसली होती. एम. फार्म. झालेली मी, आणि मलाही ते ओतलेलं नकोच होतं.

सेलीम आला नाही. विमानतळावरच पासपोर्ट घेतला. तीन आठवडे कुठे आहे तेही कळलं नाही. मग कळलं, तुरुंगात. नाव यादीत होतं. धागे वगैरे कुणी विचारलं नाही. चौदा महिन्यांनी सोडलं, पण खटला चालू आणि देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. कर्नल तोवर गेले होते.

नेर्मिनने आम्हाला कधी बोल लावला नाही. ताटली मात्र थांबली. शेवटची आमचीच होती त्यांच्याकडे, आणि ती आणायला जायचं मला धाडस होईना. हिवाळ्यात एकदा आईनेच विचारलं, "त्या दिवशी ती पाणी कशाला ओतत होती गं?" मी सांगितलं. आई कणीक मळत होती, तिचे हात थांबले.

"तुला कधी कळलं हे?"

"आत्ताच. नेर्मिन बोलली."

खोटं. इतकं सहज तोंडातून गेलं, की माझं मलाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून आई अंघोळ झाली की तांब्या भरून नेर्मिनच्या पायरीवर पाणी ओतायला लागली. जी बाई कुणी बाहेर पडलं की तासभर केरसुणीला हात लावू द्यायची नाही, ती. जानेवारीत त्याचा बर्फ झाला आणि पोस्टमन घसरला. तो म्हणाला, "लव्ह, इज देअर अ लीक?" त्यावर आईने गरम पाणी न्यायला सुरुवात केली, वर मूठभर मीठ. मी ओरडले, की आई हे वेड आहे. ती म्हणाली, "निम्मं माझ्यामुळे राहिलं. ते मी पुरं करतेय." निम्म्यातलं निम्मं माझं होतं, आणि ते मी तिला एकटीला वाहू देत होते.

नेर्मिनला खिडकीतून हे दिसत असणार. फेब्रुवारीत तिने आमची ताटली आणून दिली. वर पापुद्र्यांचे तुकडे. "नो मटण, तेयझे," म्हणाली, आणि दोघी दारातच गळ्यात पडून रडल्या. मी मागे पॅसेजमध्ये उभी होते.

सेलीमला इकडे येता येत नव्हतं, तर शेवटी तीच निघाली. घर सोडलं, नोकरी सोडली. तिचं नाव कुठल्या यादीत आहे की नाही, हे तिलाही ठाऊक नव्हतं. निघायच्या सकाळी तिने किल्ली एजंटला दिली, मण्यांचा गोफ काढून पर्समध्ये ठेवला आणि झारी आईच्या हातात दिली. "तुम्ही ओता, तेयझे. पूर्ण." आईने ओतली. टॅक्सी वळेपर्यंत, बूड आभाळाकडे करून, शेवटचा थेंब झटकून. नेर्मिनला कुणी अडवलं नाही. ती दोघं आता समुद्राकाठच्या एका छोट्या गावात राहतात, तो मुलांना गणित शिकवतो, पासपोर्ट अजून मिळालेला नाही. "बघ, पोचली की नाही," आई मला म्हणायची. मग थोडं थांबून, "त्याच्या वेळीही ओतलं असतं तर."

पाण्याने पासपोर्ट सुटत नाहीत हे मला कळतं. तिलाही कळत असावं. पण कळून काही उपयोग होत नाही, एवढंच मी शिकले.

गेल्या महिन्यात वॉर्डात आईचा हात धरून बसले होते. खरं काय ते सांगायचं ठरवून गेले होते. ती मध्येच डोळे उघडून म्हणाली, "नेर्मिनला फोन कर हं मी गेले की. आणि म्हणावं, झारी परत द्यायची राहिली." मी हो म्हटलं. आणि ब्लड प्रेशरच्या गोळीबद्दल बोलत बसले.

"मम्मी, ते आलेत." इरा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी उठले, नळ सोडला आणि झारी काठोकाठ भरली.

अर्धा तास कसा गेला कळलं नाही. तुळस, हळदकुंकू, भटजींचं घाईघाईचं म्हणणं, काळ्या कोटातल्या माणसाचं मनगटावरच्या घड्याळाकडे हळूच बघणं. पुरुष मंडळी मागच्या गाड्यांत बसली. माझी आणि इराची गाडी शेवटची होती. मावशी इराच्या फोनमध्ये व्हिडिओवर होती आणि सांगत होती, "वळणाआड जाऊ दे गं, मगच."

काळी गाडी हलली. इथे ती माणसाच्या चालीनेच निघते. आमच्या फाटकासमोरून, नेर्मिनच्या जुन्या दारासमोरून. मी पायरीवर आले आणि झारी वाकडी केली.

"अगं आत्ता नाही!" फोनमधून मावशी ओरडली. "गाडी दिसतेय अजून!"

"मम्मी, मावशीआजी म्हणाली ना, नंतर टाकायचा असतो पाणी," इरा तिच्या इकडच्या मराठीत म्हणाली.

दिसत होती म्हणूनच ओतत होते. पाणी पायरीवरून खाली आलं, फरसबंदीच्या फटीतून गाडीच्या दिशेने निघालं. त्यांच्याकडे ओततात तसं, चाकांच्या मागे, माणूस दिसत असताना. आणि आमच्याकडे ओततात तसंही. मी मोठ्याने म्हटलं, "आई, मला माहीत होतं. त्या दिवशी मला माहीत होतं." शेजारचे बघत होते. इराला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गाडीचा दिवा वळणावर लुकलुकला आणि झारी रिकामी झाली.

मी हमसून रडत होते. इराने फोन खिशात टाकला आणि माझ्या हातातून झारी काढून घेतली.

"पुरला नाही का?" तिने विचारलं. "अजून आणू?"

"आण," म्हटलं.